कॅरोल बेकरची सही

आर्लिस टीग्ज हिने एकोणीस वर्षं लोकांनी खोक्यांवरून कापून पाठवलेले पुठ्ठ्याचे तुकडे तपासले. नोकरी म्हणून सांगायला हे चमत्कारिक वाटतं, पण मिनेसोटातल्या लिंडग्रोव्ह गावात निम्म्या घरांची चूल त्या तुकड्यांवर पेटायची. देशात कुठंही कुणी प्रिंटर घ्यावा, कॅमेरा घ्यावा, दुकानात पुरती किंमत मोजावी, आणि मग 'शंभर डॉलर परत' या जाहिरातीला भुलून खोक्यावरचा बारकोड कात्रीनं कापावा, पावती जोडावी, फॉर्म भरावा आणि पाकीट टपालात टाकावं. कंपन्यांनी हे परताव्याचं काम कंत्राटानं दिलेलं होतं, त्यामुळे ती सगळी पाकिटं लिंडग्रोव्हबाहेरच्या लांबलचक पत्र्याच्या इमारतीत येऊन पडत. दोनएक महिन्यांनी गिऱ्हाइकाला चेक जाई. किंवा चेक न जाता एक कार्ड जाई.

कार्ड कुणाला जावं हे आर्लिसच्या टेबलावर ठरायचं. पावतीची झेरॉक्स आहे, नापास. टपालाचा शिक्का एक दिवस उशिराचा, नापास. कार्डावर कारण म्हणून 'पुरावा अपुरा' एवढे दोन शब्द छापलेले असत. काय अपुरं, किती अपुरं, हे विचारायचं कुणी आणि सांगायचं कुणी! हा सगळा धंदाच मुळी लोक कंटाळून नाद सोडतील या भरवशावर चाललेला होता. आर्लिसला मात्र तसं कधी वाटलं नाही. नियम सगळ्यांना सारखा, आणि आपण तो डोळ्यांत तेल घालून पाळतो, याचा तिला अभिमान होता. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. अभिमान वाटावा असं तिच्यापाशी दुसरं फारसं काही नव्हतंही.

आणि तिची एक बहीण होती. व्हर्ना क्वेल, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी, बारा मैलांवरच्या गावात राहणारी विधवा. आई लवकर गेली तेव्हा आर्लिसच्या वेण्या व्हर्नानंच घातल्या होत्या. पुढं तीस वर्षं तिनं शाळेत मुलींना शिवण आणि स्वयंपाक शिकवला, त्यामुळे तिचा बोलण्याचा सूर कायमचा वर्गातला झाला. पडदे असे लावू नयेत, पावाचं पीठ असं मळू नये, जन्मभर पाकिटं फोडत बसू नये. व्हर्नाचं सहसा चुकायचं नाही, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा दोष होता. तरी दर रविवारी चर्च सुटलं की आर्लिस गाडी तिच्याच दाराशी नेऊन लावायची. तिला जायला दुसरं घरच नव्हतं.

दोन हजार एकच्या मार्चमध्ये आर्लिसनं एक पाकीट फोडलं आणि फॉर्मवर बहिणीचं नाव दिसलं. चर्चमधल्या बायकांच्या पाककृतींचं पुस्तक काढायचं व्हर्नानं मनावर घेतलं होतं, आणि त्यासाठी तिनं प्रिंटर विकत घेतला होता. पावती अस्सल, तारीख वेळेत, अक्षर मोत्यासारखं. पुठ्ठ्याचा तुकडा तर पट्टी लावून कापल्यासारखा सरळ. फक्त तो चुकीचा होता. त्या खोक्यावर दोन बारकोड असायचे. वरचा मालाचा, तो पाठवायचा. खालचा त्या एका यंत्राचा, तो काही कामाचा नाही. फॉर्मच्या मागं मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत तसं छापलेलं होतं. शेकडो लोक चुकून खालचा कापत. व्हर्नानंही खालचा कापला होता.

ओळखीच्या माणसाचं पाकीट आलं तर ते न तपासता साहेबाकडं द्यायचं, असा ऑफिसचा नियम होता. साहेब म्हणजे ड्वेन प्रेल, गावातलाच, ढिल्या स्वभावाचा. नातेवाइकांची पाकिटं तो डोळा मिचकावून पास करतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे आर्लिसनं जन्मभर केलं तेच केलं असतं, नुसता नियम पाळला असता, तरी व्हर्नाला शंभर डॉलर मिळाले असते. पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं नियम मोडला. पाकीट पुढ्यातच ठेवलं, थोडा वेळ त्या तुकड्याकडं पाहिलं आणि नापासाचा शिक्का मारला.

का मारला, हे तिनं पुढं स्वतःला कितीतरी वेळा विचारलं. बहीण म्हणून सूट नाही, असं तेव्हा ती मनाशी म्हणाली होती. पण ते काही खरं नव्हतं. खरं हे की, कधी न चुकणारी बाई चुकली होती आणि ती चूक आर्लिसच्या हातात आली होती. तिला बरं वाटलं होतं. मिनिटभरच, पण चांगलंच बरं वाटलं होतं.

त्याच वसंतात तिला तक्रारींच्या टेबलावर हलवलं. तिथं पाच बायका बसत आणि पाचही जणी 'कॅरोल बेकर' या एकाच नावानं सही करत. कॅरोल बेकर नावाची बाई त्या इमारतीत कधी नव्हतीच. उत्तरं स्वतः लिहायची नसत. छापील परिच्छेदांना आकडे होते, ते निवडायचे. चार नंबरचा परिच्छेद खेदाचा, सात नंबरचा नियमांचा. पत्रं आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षराप्रमाणं वाटत आणि 'क्यू' अक्षर आर्लिसकडं होतं. एप्रिलमध्ये व्हर्ना क्वेलचं पहिलं पत्र आलं.

ते तापलेलं होतं. काय अपुरं आहे ते सांगा, असं तिनं तीनदा लिहिलं होतं. आर्लिसनं चार नंबर पाठवला. दुसऱ्या पत्रात व्हर्नानं लिहिलं की, प्रिंटर परत करायला ती दुकानात गेली होती, पण खोक्याला भोक पडलंय म्हणून दुकानदार घेईना. आणि भोक पाडायला तर तुम्हीच सांगितलं होतं. आर्लिसनं सात नंबर पाठवला. चूक सुधारायला महिनाभराची मुदत असायची. 'वरचा बारकोड कापून पाठवा' एवढी एक ओळ पुरली असती. ती ओळ आर्लिसनं टाइप केली आणि पुसून टाकली. एवढं आपुलकीनं कोण लिहितंय असा व्हर्नाला संशय येईल, प्रकरण उकरलं जाईल, पाकीट आपणच नापास केल्याचं तिला कळेल, या विचारानं तिची पाचावर धारण बसली.

रविवारी मात्र व्हर्ना त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. कॉफी ओतताना विचारायची, "कामावर काय नवीन?" आर्लिस म्हणायची, काही नाही, नेहमीचंच. व्हर्ना तिच्याकडं जरा वेळ बघत राहायची आणि मग हवेचं काहीतरी काढायची.

तिसरं पत्र मेच्या शेवटी आलं, तेव्हा मुदत संपून गेली होती. त्यात राग नव्हता. व्हर्नानं लिहिलं होतं:

"बाई, माझी धाकटी बहीण तुमच्याच ऑफिसात काम करते. शेजारणी म्हणतात, तिला सांग, ती चुटकीसरशी करून देईल. मी सांगणार नाही. माझ्यापायी तिला मान खाली घालावी लागेल असं काही मी तिच्याकडं मागणार नाही. पैसे राहू द्यात. माझी चूक काय झाली, तेवढं कुणीतरी माणसासारखं मला सांगा."

आर्लिस ते पत्र घेऊन बाथरूममध्ये गेली आणि तिथं बराच वेळ बसली. टेबलावर परत आल्यावर तिनं चार आणि सात, दोन्ही परिच्छेद जोडून पाठवले. चौथं पत्र दोनच ओळींचं होतं. कॅरोलबाईंनी उत्तर देण्याची तसदी घेतली त्याबद्दल आभार, यापुढं मी त्रास देणार नाही. सहा महिन्यांनी, नियमाप्रमाणं, चारही पत्रं कागद फाडायच्या यंत्रात गेली. यंत्रात घातली ती आर्लिसनंच.

वर्षं गेली. पाककृतींचं पुस्तक निघालं, छान निघालं. रविवारची कॉफीही चालू राहिली. मग लोक परतावा कॉम्प्युटरवरूनच मागू लागले, पाकिटं आटली आणि दोन हजार नऊमध्ये ती पत्र्याची इमारत बंद झाली. आर्लिस बासष्ट वर्षांची झाली होती. रिकामपणात माणसाला नको ते आठवतं. तिला तो सरळ कापलेला तुकडा आठवायचा, आणि 'माणसासारखं मला सांगा' हे शब्द. ऑक्टोबरातल्या एका रविवारी तिनं पाकिटात शंभर डॉलर घातले आणि ते व्हर्नाच्या टेबलावर ठेवले.

"तुझा तो प्रिंटरचा परतावा," ती म्हणाली. "नापास मीच केला होता."

व्हर्नाला नवल वाटलं नाही. तिनं पाकीट परत सरकवलं.

"ठाऊक आहे मला. कार्डाच्या कोपऱ्यात तपासणारीचा बारीक नंबर असतो, सहसा कुणी बघत नाही. एकतीस. तुझ्या कामावरच्या ऍप्रनवर तो मीच तर शिवून दिला होता."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तुझं कामच ते. बहिणीला सूट दिली नाहीस, यात मला काही वाईट दिसलं नाही. उलट बरं वाटलं. शेजारच्या बायकांनाही मी तेच ऐकवलं. वाटलं होतं, एखाद्या रविवारी येशील नि म्हणशील, अगं व्हर्ना, शाळेत कात्री धरायला शिकवायचीस आणि चुकीचा तुकडा कापलास होय गं? पोट धरून हसलो असतो दोघी. चूक काय ती नंतर मीच शोधून काढली, खोकं माळ्यावरून खाली आणून."

आर्लिसच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. आठ वर्षं जे लपवलं ते बहिणीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तिनं मनातही धरलं नव्हतं. तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण खरं बोलायला सुरुवात झाली की माणसाला त्याचीही चटक लागते. आज काहीच मागं ठेवायचं नाही, असं तिला वाटलं.

"आणि कॅरोल बेकर पण मीच होते," ती म्हणाली.

व्हर्नानं कप खाली ठेवला.

"ती बाई? जिला मी पत्रं लिहिली ती?"

"हो."

"चारही?"

"चारही."

"तिसरं वाचलंस तू?"

आर्लिसनं मान डोलावली. परिच्छेदांचं, नंबरांचं, यंत्राचं ती काहीबाही सांगू लागली. व्हर्नानं सगळं ऐकून घेतलं, वर्गात एखाद्या मुलीची सबब ऐकावी तसं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं होतं, कुणी परकी बाई आहे. परक्या माणसानं तसं उत्तर दिलं तर काय एवढं!"

आर्लिसनं हसायचा प्रयत्न केला. म्हणाली, कात्रीबद्दल आता हसूया ना, उशिरानं का होईना.

"आता नाही गं येत हसू," व्हर्ना म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आर्लिसला तो समजला असता.

व्हर्ना उठली आणि तिनं रुबार्बचे आंबट देठ घालून केलेल्या गोड वड्यांची ताटली पुढं केली. "घेतेस?" त्या भागात पाहुण्याला तीनदा विचारायची रीत आहे. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. व्हर्नाच्या घरी आर्लिस चाळीस वर्षं तसंच करत आली होती.

"नको," आर्लिस म्हणाली आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसली.

व्हर्नानं ताटली उचलली आणि कपाटात ठेवून दिली.