मामांची कोकणगाडी

गाडीमामांकडे शर्ट शिवायला टाकायचा तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. टेप गळ्यातच ठेवून ते विचारायचे, "गाव खंयचो? आणि गाडी इली तर उतरतलंस खंय?" गिऱ्हाईक कोकणातलं असलं की माप राहायचं बाजूला; स्टेशन ठरेपर्यंत त्याची सुटका नसे. मी घाटावरचा. माझं गाव ऐकून म्हणाले, "तुमच्याकडे आसा गाडी," आणि निमूटपणे माझी छाती मोजायला लागले. मला उगाचच कमीपणा आल्यासारखं झालं.

लालबागला आमच्या चाळीखाली त्यांचं शिवणाचं दुकान होतं. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हतीच. माणसं भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जात, आणि पावसाळ्यात बोटी बंद. मामा मात्र गाडीच्या तयारीला लागलेले. कापडावर खुणा करायच्या खडूने त्यांनी दुकानाच्या फरशीवर मुंबई ते सावंतवाडी अशी रेघ ओढली होती. कुणी स्टेशन सांगितलं की रेघेवर एक फुली. झाडूवाली बाईसुद्धा तेवढी रेघ सोडून झाडायची.

एवढं वेड कशापायी, हे कळायला मला तीन-चार शर्ट शिवावे लागले. मामी गावी होत्या. लग्नानंतर एकदाच बोटीने मुंबईला आल्या, त्या उलट्यांनी अर्धमेल्या होऊन. परत गेल्या त्या समुद्राला हात जोडून. "एसटीन घाटातसून येवचा म्हटला तरी तोच प्रकार," मामा म्हणाले. "गाडी इली तर येतली. रुळावर पोटात ढवळत नाय ना रे?" त्यांनी हे इतक्या काळजीने विचारलं की मी ठासून 'नाही' म्हणालो.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मामाही मोर्च्याला जात, पण परतताना कुठल्यातरी पुढाऱ्याला गाठून विचारत, "राज्य झाल्यावर गाडीचा काय?" पुढारी म्हणत, "आधी राज्य तर होऊ द्या." मी सरकारी कचेरीत कारकून, तेव्हा तो प्रश्न माझ्या मागे लागला. शेवटी मी आमच्या साहेबांना विचारलं. ते हसले, पण समजावून सांगितलं. रेल्वे दिल्लीची. राज्याने जमीन आणि खर्चातला वाटा देऊ केला तर दिल्ली निदान विचार तरी करील. आणि स्टेशनं जितकी जास्त तितका खर्च जास्त. मामांना ते लगेच उमगलं. "म्हणजे कापड आमी आणूचा, शिलाई तेंची. आणि कापड कमी पडला तर खिसे कमी करूचे."

त्याच रविवारी त्यांनी बैठक बोलावली. गिरणगावात एकेका गावच्या माणसांनी मिळून राहायच्या खोल्या असत. प्रत्येक खोलीतून एकेक माणूस आला. विषय एकच, फुल्या कमी करणं. पण हटतो कोण? एकाचा देव जागृत, दुसऱ्याचा बाजार मोठा. तिसऱ्याचं म्हणणं, शेजारच्या गावात थांबली तर आमच्यात थांबलीच पाहिजे, त्यांच्याशी आमचं बोलणं नाही. मामा वैतागले. "गाडी आसा ती! शिमग्याची पालखी न्हय, दारादारात थांबाक!" हशा पिकला, फुली कुणी पुसली नाही. मग मामा उठले, फडकं ओलं केलं आणि आपल्या स्वतःच्या गावाची फुली पुसून टाकली. हळूहळू एकेक जण उठला. संध्याकाळपर्यंत रेघ बरीच मोकळी झाली होती. त्या दिवशी मला मामा फार मोठे वाटले.

बोटीबरोबर बातमी गावी पोचली. परतीच्या बोटीने आलेल्या गाववाल्याने मामींनी दिलेली कोकमाची सोलं मामांपुढे ठेवली आणि निरोप सांगितला, "मगे मी गाडीत खंय चढू?"

मशीनवरचा मामांचा पाय थांबला. म्हणाले, "पुढच्या टेशनात चढ म्हणान सांग तिका. मी टेशनावर न्हेवक येतलंय." त्या दिवशी त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला गाव विचारलं नाही.

राज्य झालं. चाळभर पेढे वाटले. गाडी काही आली नाही. डोळे अधू झाले तेव्हा मामा दुकान बंद करून बोटीनेच गावी गेले. धक्क्यावर मला म्हणाले, "तुझ्या सायबाक आठवण करून दी हां." साहेब कधीच निवृत्त झाले होते, पण मी मान डोलावली. काही वर्षांनी मामा गेल्याचं कळलं.

कोकणात गाडी धावली तेव्हा मीही पेन्शनीत निघालो होतो. मुद्दाम तिकीट काढून बसलो. मामांचं गाव आलं, नारळीची झाडं दिसली आणि गाडी खरोखरच न थांबता पुढे गेली. पुढच्या स्टेशनावर उतरून रिक्षाने मामींकडे आलो. त्या खूप थकल्या होत्या, पण कान शाबूत होते. मी विचारलं, "मामी, गाडीत बसलात की नाही एकदा तरी?"

"नाय."

"का हो? स्टेशन तर इथून जवळच आहे."

तेवढ्यात लांबून शिट्टी ऐकू आली. मामी खांबाला धरून उठल्या आणि गाडीचा आवाज विरेपर्यंत दारापुढच्या खळ्यात उभ्या राहिल्या. मग खाली बसत म्हणाल्या, "टेशनावर न्हेवक येतलंय म्हणालेले ते."