बोटभर फट

गिअरबॉक्स जॅकवर चढवून इंजिनाला भिडवला आणि शेवटी बोटभर फट राहिली.

शनिवारची दुपार. गाडी उचलून ठेवलेली, मी खाली पाठीवर पडलेलो. बाहेर स्टुलावर माधुरी मॅडम बसल्या होत्या. त्या देडतलाईच्या शाळेत शिकवतात. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात जोर नाही, म्हणून क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी. ती बिघडल्यापासून त्यांचा मोठा भाऊ मोटारसायकलवर सोडायचा आणि रोज एकच रट लावायचा, "विकून टाक ही बला, घराजवळ बदली घे." सोमवारपासून परीक्षा, आणि केंद्राची जबाबदारी मॅडमवर. मला त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "भाऊ, सोमवारी मी माझी माझी पोहोचले नाही, तर घरचे मला बदली घ्यायलाच लावतील."

आता फट म्हणजे काय ते सांगतो. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेला गोल लोखंडी डबा म्हणा. इंजिन तो फिरवतं आणि आतल्या तेलाच्या जोरावर ताकद गिअरबॉक्सला मिळते. मॅडमच्या गाडीचा हाच डबा गेला होता. नवा बसवताना तो फिरवत फिरवत आत ढकलायचा. तीन ठिकाणी खाचेत खाच बसते, दरवेळी 'खट्' होतं. तिसरा खट् ऑइल पंपाचा. तो झाला नाही आणि गिअरबॉक्स जोराने इंजिनावर दाबला, तर पंप फुटतो. पंप गेला की गाडी जागची हलत नाही.

टेबलावर मी तिन्ही खट् ऐकले होते. पण वर चढवताना गिअरबॉक्सचं नाक झुकलं असणार आणि कन्व्हर्टर पुढे सरकला असणार. होतं असं. पुन्हा वीतभर मागे घ्यायचा आणि आत हात घालून बसवायचा. तिथे डोळ्यांना काही दिसत नाही, कानच लागतो. आणि माझ्या दुकानाला लागून सलीमभाईंचे पॉवरलूम! टेबलावरचं काम शुक्रवारी झालं, तेव्हा लूमला सुट्टी होती. शनिवारी नुसता खडखडाट, स्वतःचा श्वास ऐकू येईना.

"काय अडलं मिस्त्री?" मॅडमचे मोठे भाऊ सुभाष पाटील वाकून बघत होते. बहादरपूरला त्यांची केळी आहे. ट्रॅक्टर स्वतः उघडतात आणि भेटेल त्याला ते सांगतात. "बोटभर तर राहिलंय. दोन बोल्ट लावा आणि कसा. खेचून येईल आपोआप."

"ट्रॅक्टरला करा तसं. इथे हात लावू नका, पंप फुटेल."

"बरं बाबा, राहिलं."

मी शेजारी गेलो.

"सलीमभाई, दस मिनट लूम बंद करो ना."

"पागल हो गए क्या मिस्त्री? अभी तो लाइट आई है!"

"एक आवाज सुनना है. एक बाई की नौकरी का सवाल है."

पुटपुटत का होईना, त्यांनी मेन स्विच पाडला. लूम थांबले. सगळी गल्ली एकदम गप्प झाली, आणि त्या शांततेत पहिला आवाज आला तो माझ्याच दुकानातून.

कट्ट.

मी धावलो. पाटील गाडीखालून पाना हातात घेऊन बाहेर येत होते. फट गायब.

"बसला ना!"

मॅडम कुबडीवर उभ्या, चेहरा लाल. "भाऊ, मी दादाला केव्हाची ओरडून सांगतेय, थांब म्हणून! त्या लूममध्ये ऐकतो कोण?"

खालच्या झरोक्यातून स्क्रूड्रायव्हर घालून मी कन्व्हर्टर फिरवून पाहिला. बसलेला असेल तर तो हलका फिरतो. हा तसूभर हलला नाही.

"अहो पाटील, काय करून ठेवलंत हे!"

पुन्हा सगळं उतरवलं. पंप उघडला. आतल्या गिअरचे दोन तुकडे.

मॅडमनी तुकड्यांकडे पाहिलं, मग भावाकडे. "दादा, तुला माझी गाडी नकोच होती ना?"

पाटलांचा चेहरा खर्रकन उतरला. "तसं नाही गं. आठ दिवस झाले, तू माझ्याशी धड बोलत नाहीस. वाटलं, पटकन झालं तर..." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुठे मिळंल हे? मी जातो."

इंदूरच्या एका ओळखीच्या मिस्त्रीला फोन लावला. त्याच्याकडे याच गाडीचा भंगारातला गिअरबॉक्स होता. पंप काढून देतो म्हणाला, चांगला निघेल याची हमी मात्र देईना. पाटील तुकडे रुमालात बांधून तसेच बसस्टँडवर गेले.

रविवारी दुपारी आले, पिशवी छातीशी धरून. पंप मी तीनदा तपासला. जुना माल, जीव टांगणीलाच. या वेळी लूम बंद करायला पाटील स्वतः गेले आणि मी हाक मारेपर्यंत तिथेच बसून राहिले. तिसरा खट् आला. गिअरबॉक्स नुसत्या हाताने इंजिनाला टेकला. मग कुठे बोल्ट लावले.

तेल भरलं. मॅडम स्टीअरिंगवर बसल्या. गिअर डी मध्ये, ब्रेक सोडला. गाडी ढिम्म. नव्या कन्व्हर्टरमध्ये तेल भरायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे, तरी मनातल्या मनात सगळे देव आठवले. आणि मग गाडी हळूच पुढे सरकली. मॅडम हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"उद्या मी येऊ सोबत? रस्त्यात काही झालं तर," पाटलांनी विचारलं.

"ये. पण मागे बस. आणि कशाला हात लावू नकोस."

सोमवारी सकाळी देडतलाईहून फोन आला. "पोहोचले, भाऊ. मीच चालवली." दुकानात कुणी नव्हतं, तरी मी मोठ्याने "वा!" म्हणालो.

तेव्हापासून एक नियम केलाय. गिअरबॉक्स अर्धवट लटकलेला सोडून कुठे जायचं झालं, अगदी चहाला सुद्धा, तर पाना माझ्या खिशात असतो. गिऱ्हाइकाला राग येतो. येऊ द्या.