मी वाचते, मानायचं तुम्ही

लेकीला जुळं झालं आणि दोन्ही आज्या एकाच खोलीत मुक्कामाला आल्या. मुलीची आई आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर. आवाज खणखणीत, देवाधर्माशी संबंध शून्य. जावयाची आई पक्की श्रद्धाळू; पहाटे प्रार्थनेचं पुस्तक वाचल्याशिवाय चहाला हात लावत नसे. आता घरात महायुद्ध पेटणार, म्हणून लेक आणि जावई श्वास रोखून बसले होते.

तसं काही झालं नाही. कंडक्टरबाई पहाटे कूस बदलायच्या आणि कानावर उशी घ्यायच्या, इतकंच. त्यांच्या मते देव नव्हता, पण विहीणबाई होत्या, आणि त्या बाळांना झोपवण्यात पटाईत होत्या.

मग विहीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला बंदी केली. पहाटे त्या पुस्तक मांडीवर घेऊन नुसत्याच बसलेल्या दिसल्या, तेव्हा कंडक्टरबाईंना राहवेना.

"द्या इकडे. मी वाचते, मानायचं तुम्ही."

"तुम्हाला चालेल?"

"वाचायला काय होतंय? फक्त हात जोडायला सांगू नका."

विहीणबाईंनी सांगितलं नाही. पण कंडक्टरबाईंचा आवाज असा, की पहिल्याच ओळीला जुळी जागी झाली. हळूहळू जमलं. एकदा वाचता वाचता त्या थबकल्या. ओळ होती, 'जे तुला मानत नाहीत, त्यांचं घर ओसाड होवो.'

"हे बहुतेक माझ्याबद्दल आहे," त्या म्हणाल्या.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं म्हणतेय, पण त्यात कुणी ओळखीचं असेल, असं कधी मनातच आलं नाही हो." मग चाचरत म्हणाल्या, "ते सोडून द्या."

"छे. पुस्तक तुमचं आहे, मी कोण गाळणार?" त्यांनी ती ओळ पुन्हा मोठ्याने वाचली आणि पुढे गेल्या.

पुढच्या आठवड्यात विहीणबाईंच्या नणंदबाई बाळं बघायला आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "वहिनी, नास्तिक बाईच्या तोंडून प्रार्थना? देवाला तरी पोचते का ती?"

कंडक्टरबाई स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होत्या. उत्तर जिभेवर आलं होतं. पण बाहेरून आधी विहीणबाईंचा आवाज आला, नेहमीसारखाच मऊ.

"माझ्या देवाची काळजी मी करते. आणि माझ्या विहिणीची तर तुम्ही मुळीच करू नका. चहा घेणार ना?"

नणंदबाईंनी चहा घेतला. कंडक्टरबाईंनीच आणून दिला. साखर जरा जास्तच पडली होती.

डोळा बरा झाल्यावर विहीणबाई पुन्हा स्वतः वाचू लागल्या. त्या एका ओळीपाशी त्यांना हमखास खोकला येई. कंडक्टरबाई उशीखाली हसत आणि झोपल्याचं सोंग घेत.