जोडीतलं दुसरं पिस्तूल

पिस्तूल हातात आलं की काका आधी नळीत बारीक गज सोडायचे, तोंडापाशी नखाने खूण धरायचे आणि मग तोच गज बाहेरून नळीला लावायचे. आतली-बाहेरची लांबी सारखी भरली म्हणजे नळी रिकामी. "बघून घेऊ," एवढंच म्हणायचे.

खिशात मावणारी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू भरायची पिस्तुलं, तीही मखमली पेटीतली आणि जोडीनेच, जमवणारा हा माणूस गुजरातेत, लहरीपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. पूर्वज संस्थानच्या फौजेत. हे मात्र कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढत.

तीन पेट्या पुऱ्या होत्या. वडिलांकडून आलेली चौथी अर्धी होती: एक पिस्तूल आणि शेजारी रिकामा खळगा.

"विधुर आहे बिचारं," मी चिडवायचो.

"स्थळ बघतोय," काका म्हणायचे.

ते स्थळ खंडेनवमीच्या सकाळी शहराबाहेर छाणीत निघालं. भंगारात एक छोटं पिस्तूल आल्याचं तिथल्या ओळखीच्या लेथवाल्याने कळवलं. माझ्या स्कूटरवरून जायला निघालो, तेवढ्यात जिन्यात काकांचे नवे जावई भेटले. लग्नानंतरचा त्यांचा पहिला दसरा. हातात फटाक्याच्या टिकल्यांची डबी.

"बाबा, पूजा झाली की आजोबांच्या पिस्तुलावर टिकली ठेवून सलामी देऊ?"

"द्या की. घरचंच आहे," काका हसून म्हणाले.

छाणीत लेथवाल्याने पिस्तूल वाइसच्या जबड्यात आवळून बर्नर पेटवला होता. "काका, नळी जाम छे. गरम करूं एटले खुली जशे."

काकांनी वाकून नळीखालचा आकडा पाहिला. एक. घरच्या एकट्या पिस्तुलावर दोन होता. त्यांचे डोळे भरून आले, पण हात सवयीने गजाकडे गेला. "ऊभो रहे, भाई. बघून घेऊ."

गज दोन बोटं आधीच अडला. पुन्हा सोडला, पुन्हा तिथेच.

"बर्नर बंद कर. अंदर दारू भरेली छे."

दारू म्हटल्यावर तो आधी घाबरून रस्त्याकडे बघायला लागला. दारूबंदीच्या गुजरातेत राहतो बिचारा. मग समजलं आणि त्याने मुकाट्याने बर्नर बंद केला. काकांनी नळीत पाणी ओतलं, पिस्तूल बादलीत बुडवलं आणि तिथेच उभे राहिले.

"घरचं मी कधीच मोजलं नाही," ते हळूच म्हणाले.

"तीस वर्षांत एकदाही नाही?"

"वडिलांनी हातात दिलेलं. ते कसं मोजायचं?"

आणि तिकडे जावई टिकल्यांची डबी घेऊन बसले होते. नाक्यावरच्या पीसीओतून तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा एंगेज. सणाचा दिवस, मुलगी माहेरी आलेली. फोन कुठला मोकळा असायला? मी स्कूटर हाणली. काकांनी मागून माझा शर्ट मुठीत धरला होता. "जावई घाईचे आहेत," एवढंच पुटपुटत होते.

लहरीपुऱ्यात झेंडूवाल्यांची गर्दी. स्कूटर टाकून आम्ही धावलो. जिन्यात पोचलो तेव्हा वरची आरती थांबली होती.

दारातून दिसलं ते अजून आठवतं. काकू आणि मुलगी कानात बोटं घालून उभ्या. जावई खिडकीशी, टिकली बसवलेली, घोडा ओढलेला, नळी खालच्या झेंडूवाल्यांकडे. मी ओरडणार होतो. काकांनी माझा दंड दाबला. जावई दचकले असते तर बोट आवळलं असतं.

"जावईबापू," ते रोजच्या आवाजात म्हणाले, "आधी जरा बघून घेऊ."

आणि हात पुढे केला. जावयांनी नम्रपणे पिस्तूल दिलं. काकांनी टिकली काढली, घोडा अलगद उतरवला, गज सोडला. दोन बोटं आधीच अडला. त्यांनी ती खूण फक्त मला दाखवली.

"जोडी खरी आहे," म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं. तांब्या मी आणला; तो त्यांनी आधी नळीत ओतला. मी त्यांना पुन्हा कधी चिडवलं नाही.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. यंदा खंडेनवमीला वर गेलो, तर काकू चौथी पेटी उघडून बसल्या होत्या. दोन्ही खळगे भरलेले. हळद-कुंकवाचं तबक त्यांनी बाजूला सारलं, एकेका नळीत गज सोडला, नखाने खूण धरली, बाहेरून लावून पाहिली.

मग कुंकू लावलं.