मूगवड्याच्या ठेल्यावरची आजी

यवतमाळात माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. फोटोत सावली दिसली म्हणून घाबरलेले लोक येतात, मी लेन्सवरचं तेल पुसून देतो... विषय संपला.

फावल्या वेळात मी खाण्याचे रील्स टाकतो. मागच्या हिवाळ्यात एक फोन पोचवायला पांढरकवड्याला गेलो होतो. सकाळचे साधारण अकरा. हायवेला लागून एका ठेल्यावर तिशीतली बाई मूगवडे तळत होती — हिरवी साडी, उजव्या मनगटावर भाजल्याचा मोठा डाग. तेल उडालं असेल, असं मी धरून चाललो. मोबाईल काढला.

"भाऊ, वड्याचा काढा. माह्यं तोंड घेऊ नोका," ती म्हणाली.

मी हो म्हणालो, आणि मोबाईल छातीशी धरून तिचं तोंड घेतलंच. चेहरा असला की रील चालतं, हे मला पाठ झालेलं. संध्याकाळी लोकेशनसकट टाकूनही दिलं. एडिट करताना ती तरुणच होती, हे मी शपथेवर सांगतो.

दुसऱ्या दिवशी कमेंट सुरू — 'आजीच्या हातचे वडे', 'या वयात एवढी मेहनत'. मला वाटलं, पोरं मस्करी करताहेत.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. कुणा गिऱ्हाइकानं तिला रीलचं सांगून पेजवरून माझा नंबर काढून दिला होता.

"काहून टाकला तुमी? नवऱ्यानं जाळाले पाह्यलं होतं मले. दोन साल झाले, लपून राह्यली. आता तो येईन इथं."

तो डाग तेलाचा नव्हता तर. मला स्वतःची लाज वाटली. डिलीट करायला रील उघडलं... आणि स्क्रीनवर सत्तरीची बाई. केस पांढरे, तोंडाचं बोळकं. साडी तीच, मनगटावर डागही तोच. फिल्टर म्हणाल — मी वापरत नाही. गॅलरीतला ओरिजिनलही तसाच. दुकानातल्या तीन फोनवर लावून पाहिला.

तशीच गाडी काढून पांढरकवडा गाठलं. ती ठेल्यावरच होती, तिशीतलीच. तिनं व्हिडिओ दोनदा पाहिला.

"बहिणीचा फोन आलता," ती म्हणाली. "नवऱ्यानंही पाह्यला म्हणे. म्हातारी हाय म्हणून पुढं सरकवला."

"माह्यं चुकलं, ताई. आत्ताच काढतो."

"राहू द्या." ती स्क्रीनवरच्या सुरकुत्यांकडे बघत राहिली. "म्हंजे एवढी म्हातारी होईस्तोवर मी जितीच राहीन."

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. व्हिडिओ अजून आहे. दिवसातून चारदा उघडून बघतो. विचारल्याशिवाय आता कुणाचा चेहरा घेत नाही. आणि चौकात कुणी मोबाईल रोखला, की मी झटकन बाजूला होतो. त्यात मी किती वयाचा दिसेन... दिसेन तरी का, हे मला बघायचं नाही.