मी नको म्हटलेली लाँच

त्या वर्षी मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो होतो. गाव आमचं पवनेच्या पलीकडं, रावेतच्या समोर. उन्हाळ्यात धोतर खोचून नदी ओलांडता यायची, पावसाळ्यात मात्र गावच्या नावेशिवाय इलाज नसे. ती नाव एक म्हातारा नावाडी चालवायचा. पाणी चढलं की दोन-दोन दिवस नाव बंद आणि माझे खाडे.

वैशाखात पाटलांच्या कानावर आलं, की कासारवाडीला नदीकाठच्या एका बंगल्यात लाँच विकायची आहे. इंजिनावर चालणारी, वर केबिन असलेली. मालक लष्करातून निवृत्त झालेले डॉक्टर. गाव चावडीवर जमलं आणि पाटील सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तू कंपनीत हाईस, तुला मशिन कळतंय. तू बघ आन् हो म्हण, आमी उचलतो."

मला इंजिन कळत होतं. लाँच मात्र मी आयुष्यात कधी जवळून पाहिली नव्हती. हे तिथंच सांगायला हवं होतं. पण चारचौघांत आपलं नाव निघालं याचं मला इतकं बरं वाटलं, की मी नुसती मान हलवली. त्या रात्री झोप लागली नाही. घरात बायकोला सहावा महिना. पुढं श्रावणात तिला नदीपार न्यायची वेळ आली तर, हा घोर होताच. त्यात आता गावाचा घोर.

सकाळी मी आणि पाटील निघालो तेव्हा नावाडी वेशीपाशी उभा. "लाकूड मी बघतो," म्हणाला आणि आमच्याबरोबर चालू लागला. मला ते आवडलं नाही. लाँच आली की याचं काम जाणार. हा खोड काढणारच, असं मी मनाशी धरून बसलो.

बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाँच ठोकळ्यांवर ठेवलेली होती. ताजा पांढरा रंग, केबिनला काचेच्या खिडक्या, आत गादीची बाकं. पाटील तर बघतच राहिले. डॉक्टरसाहेब मोकळ्या मनाचे होते. म्हणाले, "सगळं उघडून बघा. माझी काही घाई नाही."

मी इंजिनाला भिडलो. ऑइल बोटावर घेऊन पाहिलं, त्यात पाणी नव्हतं. हँडल हातानं फिरवून दाब पाहिला. प्लग काढून साफ केले. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पाइप भरलेल्या बादलीत सोडला आणि हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं आणि मागच्या नळीतून पाण्याची धार सुटली. माझा जीव भांड्यात पडला. मी ओरडून सांगितलं, "पाटील, इंजिन फस्क्लास!" पाटील खूश होऊन डॉक्टरांबरोबर बाहेर चहाला गेले.

नावाडी तोवर लाँचखाली वाकून एकेका फळीवर बोटाच्या पेरानं ठोकत फिरत होता. मग तो वर आला, केबिनमध्ये शिरला आणि नाक ओढून वास घेऊ लागला.

"कुबट येतंय," तो म्हणाला.

"बंद होती ना, बाबा."

"तळाच्या फळ्या उचल."

इंजिनाशेजारच्या, पाय ठेवायच्या फळ्या मी नाखुशीनंच उचलल्या. खाली काळं तेल साचलं होतं, ते चिंधीनं टिपलं. त्यानं कमरेची टोकदार आरी काढून माझ्या हातात दिली. "हितं टोच."

त्यानं जिथं बोट ठेवलं होतं, तिथं नावेचा कणा होता, पुढून मागपर्यंत गेलेलं ते एक जाड लाकूड. मी आरी टेकवली. जोर लावायच्या आत ती मुठीपर्यंत आत गेली. वीतभर पुढं टोचलं, तिथंही तेच. बाहेर काढली तर टोकाला ओला भुसा.

"फळी मारून भागणार न्हाई का?" मी हळूच विचारलं.

"फळी बदलता येती. कणा बदलायचा म्हंजी नाव नवी बांधायची. आन् इंजिन बसलंय ते ह्याच्यावरच." मग म्हणाला, "आता सांगनं तुझ्या हातात. माझं कुनी ऐकनार न्हाई."

बाहेरून पाटलांचं हसणं ऐकू येत होतं. खोटं कशाला बोलू, फळ्या परत बसवून गप्प राहावं असं माझ्या मनात आलं. एखादा पावसाळा निघेलही, असं वाटलं. पण त्या बाकांवर कोण बसणार, ते डोळ्यांपुढं आलं. मी बाहेर जाऊन कणा कुजल्याचं सांगितलं आणि लाँच नको म्हटलं.

डॉक्टरांनी स्वतः आत येऊन आरी टोचली. त्यांचा चेहरा उतरला. "मला खरंच कल्पना नव्हती," ते म्हणाले. पाटील मात्र परतीच्या वाटेवर आमच्या पुढं झपाझप चालत राहिले. दोन दिवसांत गावात बोलणं उठलं, की नावाड्यानं फिटरला फितवलं. चावडीवरून गेलो की माणसं बोलायची थांबत.

श्रावणात जे व्हायला नको होतं तेच झालं. नदी दोन्ही थड्या धरून वाहत होती आणि त्याच सकाळी बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईणीनं हात लावून पाहिलं. "पोर आडवं हाय. दवाखान्यात न्या."

नावाडी काठावर बसून बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला. शेवटी उठला. "चला."

नाव आधी काठाकाठानं वर ओढत नेली, मग धारेत सोडली. पाऊण तास लागला असेल. मी डब्यानं पाणी उपसत होतो, बायको माझा सदरा मुठीत धरून पडली होती. दर कळेला तिची मूठ आवळायची आणि दर वेळी मला ते इंजिन आठवायचं, तिसऱ्या झटक्याला सुरू झालेलं. लाँचनं दहा मिनिटांचं काम होतं. माझ्या एका शब्दानं हिचा जीव जातोय, दुसरं काही सुचत नव्हतं.

रावेतच्या बरंच खाली काठाला लागलो. तिथून बैलगाडीनं चिंचवड. दुपारी मुलगी झाली. बायको चार दिवस तापानं फणफणली होती, मग उतार पडला.

त्या लाँचचं इंजिन डॉक्टरांनी एका बागाईतदाराला विहिरीसाठी दिलं, लाकूड सरपणाला गेलं. म्हणजे ती पाण्यात उतरलीच नाही. त्या धारेत तिचा कणा टिकला असता की नसता, हे मला कधीच कळणार नव्हतं. एकदा न राहवून मी नावाड्याला विचारलं.

"ठावं न्हाई," तो म्हणाला. "मी त्यो इचार करत न्हाई."

मला मात्र ते जमलं नाही. पोरगी चालायला लागली तरी तिचा हात धरून नावेत चढताना मला ते तिसऱ्या झटक्याला सुरू झालेलं इंजिन ऐकू यायचं.