दुसऱ्यांदा आलेला ताप

"फ्लू ओसरत होता, पण त्याच्यावर आता दुसरं इन्फेक्शन बसलंय," डॉक्टर मॅडम एक्स-रे बघत म्हणाल्या. "सेकंडरी बॅक्टेरियल न्यूमोनिया." म्हणजे विषाणूनं आधीच कमजोर केलेल्या फुप्फुसात जिवाणू शिरले होते. ताप परत कधीपासून येतोय, असं त्यांनी विचारलं. सकाळपासून, हे मला कबूल करावं लागलं.

मी आयटीआयमध्ये टर्नरचं, म्हणजे लेथ मशीनचं काम शिकवतो, राहायला गारखेड्यात. फ्लूनं दम लागला म्हणून दवाखान्यात भरती झालो. पाच दिवसांत ताप उतरला, ऑक्सिजन निघाला. शनिवारी सुट्टी मिळणार होती. सोमवारपासून पोरांचं प्रॅक्टिकल होतं आणि माझ्याशिवाय ते पार पडणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

शुक्रवारी सकाळी हुडहुडी भरली. खोकताना उजव्या बरगडीत कळ यायची. बेडका गंजाच्या रंगाचा पडला. तो मी रुमालात गुंडाळून उशीखाली सारला. ताप मोजायच्या आधी गुपचूप तापाची गोळी घेतली. बायकोला, सुनंदालाही बोललो नाही.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या पेशंटचा मुलगा सलीमभाई, हर्सूलचा मेकॅनिक, वडिलांच्या सोबतीला असायचा. मी रुमाल उशीखाली सारताना त्यानं पाहिलं. सिस्टरला सांगा म्हणाला. मी त्याला गप्प राहायला सांगितलं. तो उठून सरळ सिस्टरकडं गेला. मी रागानं पाठ फिरवून पडलो.

दुपारीच एक्स-रे झाला आणि बेडका कल्चरला गेला. कल्चर म्हणजे जंतू वाढवून त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते बघणं. त्याला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून अँटिबायोटिक लगेच शिरेतून सुरू केलं. तरी दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन घसरला आणि मला आयसीयूत हलवलं. दोन दिवस काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सुनंदाला सांगितलं होतं. मला ते घरी आल्यावर कळलं.

सहा दिवसांनी वॉर्डात परतलो तेव्हा सलीमभाई वडिलांना घरी न्यायच्या तयारीत होता. मी माफी मागितली.

"तुम्ही लई चिडले होते सर, म्हणून आत आलो नाय," तो म्हणाला. "भाभींना रोज आयसीयूच्या दारातच विचारून जायचो."

प्रॅक्टिकल सहकाऱ्यानं घेतलं. काही अडलं नाही.

फ्लूतून बरं वाटल्यावर ताप परत आला किंवा बेडक्याचा रंग बदलला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मी अजून जिना चढताना मधेच थांबतो. कुणी विचारलं, की दम लागला म्हणून सांगतो.